करारावर सही करण्यापूर्वी भागीदाराची परीक्षा

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे सोलापूर–वाडी लोहमार्गावरील बाजारपेठेचे गाव. तूर, उडीद, हरभऱ्याच्या मोसमात येथे होणारे पुष्कळ व्यवहार कागदापेक्षा पतीवर चालतात. अडत्या शेतकऱ्याला उचल देतो, ती त्याचे घर, जमीन आणि सोयरेधायरे ठाऊक असतात म्हणून. शिवाय माल डोळ्यांपुढे असतो. मूठभर तूर तळहातावर घेतली की दाणा, ओल आणि काडीकचरा कळतो. औषधाच्या धंद्यात या दोन्ही सोयी नाहीत. भागीदार बहुधा परगावचा असतो आणि डबीतील चूर्ण किंवा भस्म नुसते पाहून पारखता येत नाही. असे असूनही आपल्यापैकी अनेक व्यवसायबंधू औषधशाळेची भागीदारी तुरीच्या व्यवहाराइतक्याच सहजतेने, ‘ओळखीतला माणूस आहे’ एवढ्या आधारावर स्वीकारतात.

याच्या मुळाशी संकोच आहे. समोरच्याला कागद मागितले तर त्याचा अपमान होईल असे वाटते. मुलीची सोयरीक जुळविताना सीमेपलीकडील चार गावी चौकशी करणारा गृहस्थ आयुष्यभराची पुंजी गुंतविताना मात्र गप्प बसतो. वैद्यांना तरी हा संकोच शोभत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याने आधी शास्त्राची, मग आचार्याची परीक्षा करावी असे सांगितले असून आचार्यानेही शिष्याला पारखूनच स्वीकारावे असा क्रम आहे. गुरु-शिष्याच्या नात्यात जी परीक्षा अवमानकारक नाही, ती नफ्या-तोट्याच्या नात्यात अवमानकारक कशी ठरेल? आपले कागद आधी पुढे करावेत आणि मग त्याचे मागावेत, म्हणजे संकोच निम्मा ओसरतो.

सहीने नेमके काय पत्करले जाते हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम १८ नुसार संस्थेच्या व्यवसायापुरता प्रत्येक भागीदार संस्थेचा अभिकर्ता असतो आणि कलम २५ नुसार संस्थेच्या देण्यांसाठी सर्व भागीदार संयुक्तपणे तसेच एकेकटेही जबाबदार असतात. भागीदाराने कलबुर्गीच्या व्यापाऱ्याकडून संस्थेसाठी उधारीवर उचललेल्या गुग्गुळाची रक्कम दुधनीतील तुमच्या घरादारावरून वसूल होऊ शकते. तुमचा हिस्सा चार आणे आहे, ही सबब सावकारापुढे चालत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० च्या कलम ३४ मध्ये ‘कंपनी’ या शब्दात भागीदारी संस्थाही येते. म्हणून व्यवहाराची सूत्रे सांभाळणारा भागीदार भेसळीच्या गुन्ह्यात आरोपी होऊ शकतो. सांधेदुखीच्या ‘आयुर्वेदिक’ चूर्णात स्टिरॉइड सापडल्याची प्रकरणे या व्यवसायाला नवी नाहीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. आयुर्वेदिक औषधाच्या केवळ विक्रीसाठी या कायद्यात परवान्याची अट नाही, ही गोष्ट अनेक औषधविक्रेत्यांना सोयीची वाटते. परंतु त्यामुळेच वितरक म्हणून समोर आलेल्या माणसाला पारखण्यासाठी परवान्याचा कागद उपलब्ध नसतो. अशा वेळी तो ज्याचा माल विकतो त्या उत्पादकापर्यंत पोहोचावे लागते. उत्पादकाकडे नमुना २५-डी मधील परवाना असतो. दुसऱ्याच्या कारखान्यात आपले औषध बनवून घेणाऱ्यासाठी नमुना २५-ई मधील लोन लायसन्स असते. छायाप्रतीवर समाधान मानू नये. परवाना आज चालू आहे का आणि आपल्या कराराचे औषध मंजूर औषधांच्या यादीत आहे का, हे देणाऱ्या कार्यालयात विचारावे. महाराष्ट्रात ते अन्न व औषध प्रशासन, तर कर्नाटकात आयुष विभागाकडील परवाना प्राधिकारी. आसवारिष्टांचा परवाना दाखवून रसौषधींचा करार करू पाहणाऱ्याचे पितळ येथेच उघडे पडते.

याच संदर्भात एका मागणीपासून वैद्यांनी विशेष सावध राहावे. उत्पादन तज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे असा नियम असून तो तज्ज्ञ पूर्ण वेळ नोकरीत असावा लागतो. भांडवलापूर्वीच तुमचे पदवी प्रमाणपत्र मागणारा भागीदार पुष्कळदा या जागेसाठी केवळ नाव शोधत असतो. दुधनीत दवाखाना चालविणारा वैद्य कागदोपत्री साठ मैलांवरच्या कारखान्यात दिवसभर हजर, हे गणित पहिल्याच तपासणीत कोसळते. ‘फक्त नाव द्या, बाकी मी बघतो’ हे वाक्य कानावर आले की माझ्या मते बोलणी तेथेच थांबवावीत.

वस्तू व सेवा कराचा क्रमांक हा घरबसल्या तपासता येणारा दुवा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७ आणि कर्नाटकाचे २९. पुढील दहा अक्षरे पॅनची. या पॅनमधील चौथे अक्षर ‘पी’ असेल तर क्रमांक एका व्यक्तीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्थेचा, ‘सी’ असेल तर कंपनीचा. आपली संस्था तीन भावांची आहे असे सांगणाऱ्याच्या क्रमांकात ‘पी’ निघाला, तर पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. शासनाच्या संकेतस्थळावर नोंदणीची तारीख, नोंदणी चालू की रद्द, आणि विवरणपत्रे भरली आहेत का, हेही दिसते. ई-कोर्ट्स सेवेत पक्षकाराच्या नावाने जिल्हावार शोध घेता येतो. न वटलेल्या धनादेशांचे कलम १३८ खालील खटले तेथे रांगेने दिसू लागले, तर अन्य पुराव्याची गरज उरत नाही. मात्र एखादा जुना दावा दिसला म्हणून माणूस टाकून देऊ नये. धंदा करणाऱ्याला एखादे वेळी न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

संस्था जुनी असल्यास भागीदारी संस्था निबंधकाकडील नोंदवही शुल्क भरून कोणालाही पाहता येते. नोंदणी सक्तीची नाही, पण कलम ६९ नुसार अनोंदणीकृत संस्थेला करारातून आलेल्या हक्कासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने कलम ६९(२अ) घालून संस्थेचे विसर्जन व हिशेब मागण्याचा भागीदाराचा हक्कही अशा संस्थेपुरता रोखला होता. ते उपकलम सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरविले. मधल्या पाव शतकात ज्यांचा पैसा अडकला असेल त्यांची कल्पना करावी. नोंदवहीत निवृत्त भागीदारांची नावेही सापडतात. संस्था का सोडली हे त्यांना विचारावे. दोन्ही बाजूंचे ऐकल्यावर खरे सहसा मध्ये कोठेतरी असते.

कागद मात्र माणसाची नियत सांगत नाहीत. ती सांगतात त्याच्याकडून पैसे येणे असलेली माणसे. काष्ठौषधींचा दलाल, बाटल्या पुरविणारा, मालवाहतूकदार, आणि या सर्वांहून अधिक, लेबले छापणारा मुद्रक. कोणत्या नावाखाली किती लेबले गेली, बॅच क्रमांक कोरा ठेवून छापा असे कोणी सांगितले, बिल किती महिन्यांनी फिटले, हे त्याला तोंडपाठ असते. सही करण्यापूर्वी भागीदाराच्या गावी एक दिवस न कळविता जावे आणि कारखान्याआधी छापखान्यात बसावे.

एवढ्यावर मन भरले तरी प्रारंभी एकाच औषधाच्या एकाच बॅचचा मर्यादित व्यवहार करावा, तिचा नमुना आपल्या खर्चाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा आणि हिशेब ठरल्या दिवशी होतो का ते पाहावे. पूर्ण करार त्यानंतर. दुधनीच्या व्यवसायबंधूंसाठी त्यात एक कलम महत्त्वाचे: वाद झाल्यास अधिकारक्षेत्र कोणाचे. भागीदार आळंद किंवा अफझलपूरचा असेल आणि कलमात कलबुर्गी लिहिले असेल, तर वकील, तारखा आणि कन्नडमधील कागदपत्रे यांचा भार तुमच्यावर येतो. कराराचा काही भाग तुमच्या जिल्ह्यात पार पडत असेल तर सोलापूर जिल्ह्यातील न्यायालय लिहून घेता येते. करार दोन भाषांत असल्यास कोणती प्रत प्रमाण मानावयाची, हे त्याच कागदावर नमूद करून मगच सही करावी.