होस्टाची निळी पानं उन्हात हिरवी का होतात?

अमेरिकेच्या पूर्व भागात किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बागेतही, सावलीच्या बाजूला, रुंद पानांचा होस्टा बऱ्याचदा दिसतो. त्याला हिवाळ्यात काही आठवडे कडक थंडी लागते, म्हणून आपल्याकडच्या हवेत तो तग धरत नाही. जपानी होस्टाच्या अनेक जाती फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड या जर्मन डॉक्टरने 1830च्या सुमारास युरोपात आणल्या. त्यातल्या निळ्या जातींबद्दलची तक्रार ठरलेली: मे महिन्यात हौसेनं आणलेलं निळसर रोप ऑगस्टपर्यंत साधं हिरवं होतं. खापर उन्हावर फुटतं, आणि ते अर्धंच बरोबर आहे.

निळ्या पानावर अंगठा जरा दाबून फिरवा. अंगठा फिरला तेवढा पट्टा गर्द हिरवा होतो आणि पुन्हा निळा होत नाही. म्हणजे या पानात निळं रंगद्रव्य नाहीच. आहे तो मेणाचा पातळ, भुकटीसारखा थर, काळ्या द्राक्षावर असतो तसा. त्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात, त्यातही निळा भाग जास्त, आणि खालच्या हिरव्यावर ती झाक चढून पान निळसर दिसतं. पिवळ्या होस्टाचं गणित वेगळं. त्याचा रंग पानाच्या आतल्या रंगद्रव्यांचा, म्हणून सकाळच्या उन्हात तो उलट खुलतो. एकाच वाफ्यात, एकाच उन्हात एक जात उजळते आणि दुसरी निळाई गमावते, ते यामुळे.

ऊन मेण वितळवतं, असं सर्रास म्हटलं जातं. पण वनस्पतींचं मेण बहुधा साठ अंश सेल्सियसच्या आसपास वितळतं, आणि सावलीतल्या झाडाचं पान एवढं तापलं तर आधी करपेलच. म्हणून ‘झिजतं’ हा शब्द मला अधिक पटतो. वसंतात पान उलगडताना मेण चढतं. पान पूर्ण वाढलं की भर जवळजवळ थांबते, आणि मग ऊन, पाऊस, वारा मिळून असलेला थर उतरवत राहतात. गर्द सावलीतल्या होस्टावर रोज वरून फवाऱ्याचं पाणी पडलं तर तोही हिरवा होतोच. यावर कोणी विचारेल, घायपातासारखी झाडं भर उन्हात वर्षभर निळसर राहतात, ती कशी? त्यांचं जाड, मेणचट पान उन्हासाठीच घडलेलं आहे. होस्टाचं पान सावलीतलं आणि एका हंगामाचं. होस्टातही फरक आहेच. एरिक स्मिथ यांनी 1961 साली इंग्लंडमध्ये केलेल्या संकरातून आलेला ‘हॅल्सियन’ जाडसर पानांमुळे निळाई बराच काळ टिकवतो.

मग काळोखातच लावावा का? नाही. प्रकाश फारच कमी पडला तर रोपाला अन्न कमी पडतं, झुपका भरत नाही. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, पाणी मुळाशी, एवढं पाळलं तरी पुरे. आणखी एक गोम आहे: सावलीत पोहोचणारा उजेड निरभ्र आकाशाचा, म्हणजे मुळातच निळसर असतो, त्यामुळे तिथे काढलेल्या कॅटलॉगमधल्या फोटोत पान आहे त्याहून निळं दिसतं. फोटो पाहून किंवा मे महिन्यात रोप घेऊ नका. ऑगस्टमध्ये रोपवाटिकेत जा, आणि तेव्हाही निळी दिसेल तीच जात उचला.