चालताना वीज तयार करणारं इम्प्लांट? काय आहे ही भानगड?

हाडात बसवलेलं टायटॅनियमचं इम्प्लांट कधीकधी सैल होतं आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. हाड धातूला घट्ट धरत नाही, हे त्याचं एक कारण.

१९५७ मध्ये जपानच्या फुकाडा आणि यासुदा यांनी दाखवलं, की हाडावर दाब पडला की त्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते. गॅस लायटरच्या खटक्यामागेही हेच पिझोइलेक्ट्रिक तत्त्व आहे. धातूत मात्र हा गुण नसतो.

म्हणून संशोधक इम्प्लांटवर बेरियम टायटनेट या सिरॅमिकचा लेप देऊन पाहतायत. पाऊल टाकलं की लेपावर दाब, दाबातून वीज आणि विजेमुळे हाडाच्या पेशींना वाढायची चालना. बॅटरीची गरजच नाही! शिसं असलेली सिरॅमिक्स जास्त वीज देतात, पण शिसं शरीराला घातक.

लेप वर्षानुवर्षं टिकेल का, हीच आता खरी परीक्षा आहे.