कॉइल लाल होते, वायर का नाही?

डिसेंबरातली नाशिकची सकाळ. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये रंधा उचलला की लोखंडाचा गारठा मनगटापर्यंत चढतो. पांढरा गम लवकर वाळत नाही, पटाशी धरलेली बोटं आखडतात. अशा वेळी कोपऱ्यातल्या हीटरचं बटण दाबायचं, की बघता बघता काळी कॉइल तांबडी होते आणि तांबडीची केशरी. शेकोटीसारखीच ऊब, पण ना धूर, ना राख.

आता एक गोष्ट बघा. त्या कॉइलमधून जेवढा करंट वाहतोय, नेमका तेवढाच तिला जोडलेल्या वायरीतून वाहतोय. प्लगच्या पितळी पिनांमधूनही तेवढाच. वाटेत तो कुठे मुरत नाही. 2000 वॉटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर ओढतो आणि या वाटेवर कुठेही मोजलं तरी आकडा तोच येतो. मग कॉइल निखाऱ्यासारखी आणि वायर जेमतेम कोमट, असं का?

आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत शिरला असाल, तर याचं उत्तर तुम्ही अंगावर झेललेलं आहे. रुंद रस्त्यावरून माणसं सहज चालतात. तीच माणसं चिंचोळ्या बोळात आली की खांद्याला खांदा घासतो, घामाच्या धारा लागतात. माणसं तेवढीच, वाट अडचणीची. तांब्याच्या वायरीत विजेला हमरस्ता मिळतो. कॉइल असते नायक्रोमची, आणि हा मिश्रधातू विजेला तांब्याच्या साठ-पासष्ट पट अडवतो. सगळी झटापट तिथे, म्हणून सगळी धगही तिथेच.

ही झटापट नीट मोजली ती एका तरुणानं, तीही राहत्या घरी! इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या बिअर बनवणाऱ्या घरातला जेम्स प्रेस्कॉट जूल. 1840 साली, वयाची 22 वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच, त्यानं तारेचं वेटोळं पाण्याच्या भांड्यात बुडवलं, त्यातून वीज सोडली आणि थर्मामीटरकडे डोळे लावून बसला. हाती आलेला नियम एका ओळीचा आहे: अडवणूक जितकी जास्त तितकी उष्णता जास्त, पण करंट दुप्पट केला तर उष्णता दुप्पट नव्हे, चौपट. तिप्पट केला तर नऊपट. तुमच्या-आमच्या वर्कशॉपमधला हीटर या एका ओळीवर चालतो. आणि तिथे आग लागते तीही अनेकदा याच ओळीमुळे.

आधी कॉइलचं कौतुक पुरं करू. लोखंडाची तार अशी उघड्या हवेत लाल केली तर काही दिवसांत गंजून, जळून तुटते. हीटर, टोस्टर, गिझर यांचं सगळं घोडं या एका तारेपाशी अडलं होतं. अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शनं निकेलमध्ये क्रोमियम मिसळलं आणि 1906 मध्ये त्याला या मिश्रधातूचं पेटंट मिळालं. यातली गंमत क्रोमियमची. तापल्याबरोबर ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि तारेवर ऑक्साइडची घट्ट साय धरते. साय एकदा धरली की ऑक्सिजनला आत शिरायला फट उरत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं पातेलं वर्षानुवर्षं गंजत नाही, तेही क्रोमियमच्या अशाच सायीमुळे!

हाच ऑक्सिजन सॉकेटमध्ये मात्र नेमकं उलटं काम करतो.

हे मला एका जानेवारीत कळलं. हीटर छान चालू होता, कॉइल जागच्या जागी केशरी. पण शेडमध्ये तापलेल्या प्लॅस्टिकचा उग्र वास. मी हीटर हुंगला, वायर चाचपली, काहीच नाही. मग प्लगवर हात ठेवला आणि झटक्यात मागे घेतला. मेन स्विच बंद करून प्लग काढला. एका पिनेचा पिवळा रंग जाऊन ती जांभळट काळी झाली होती आणि सॉकेटचं तेवढंच एक भोक तपकिरी होऊन काठाशी वितळलं होतं. त्यातली पितळी पत्ती सैल पडली होती, पिनेला धड धरत नव्हती.

एवढ्याशा सैलपणाचा हिशेब जूलच्या नियमानं मांडून बघा. समजा त्या जागी अडवणूक झाली फक्त अर्ध्या ओहमची. हीटरच्या कॉइलची असते साडेसव्वीस ओहमच्या आसपास, तिच्यापुढे अर्धा म्हणजे किस झाड की पत्ती! पण करंटचा वर्ग करून अर्ध्यानं गुणा, उत्तर येतं जवळपास 36 वॉट. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या टेबलावरचं साधं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं आणि कथील वितळवतं. म्हणजे भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या डबीत, वाटाण्याएवढ्या जागेत, मी सोल्डरिंग आयर्न पेटवून ठेवलं होतं.

इथे ऑक्सिजनची करामत बघा. कॉइलमध्ये वीज त्या सायीच्या आतून वाहते, म्हणून साय तिचं चिलखत ठरते. प्लगमध्ये विजेला एका धातूतून दुसऱ्या धातूत उडी मारायची असते आणि साय नेमकी मध्ये येते. धातू तापला की ऑक्साइड चढतं, ऑक्साइड चढलं की अडवणूक वाढते, अडवणूक वाढली की धातू आणखी तापतो. तापून पत्तीचा ताण जातो आणि पकड अजून सुटते. एकदा फिरायला लागलेलं हे चक्र स्वतःच स्वतःला रेटत राहतं.

मग एमसीबी का पडला नाही? कारण तो जास्तीचा करंट ओळखतो, आणि इथे करंट वाढलाच नव्हता. वाटेत अर्धा ओहम वाढल्यानं तो 8.7 वरून 8.5 वर उतरला होता! ईएलसीबी गळती ओळखतो. गळतीही नव्हती. दोघेही आपापल्या कामात चोख होते, पण या दुखण्याची नाडी त्यांच्या हाती लागतच नाही. तिथे कामाला येतं आपलं नाक आणि हाताचा तळवा.

म्हणून हीटरला 16 अँपिअरचाच सॉकेट हवा, जाड पिनांचा आणि भिंतीतलाच. 6 अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवणारा अडॅप्टर नको, एक्स्टेंशन बोर्डही नको. वर्कशॉपमध्ये त्याच बोर्डवर हजार वॉटचं रंधा मशीनही लागतं. करंट दीडपट होतो आणि प्रत्येक सैल जोडावरची उष्णता सव्वादोन पट. एक्स्टेंशनची वायर गुंडाळलेली असेल तर वेटोळ्यातली ऊब बाहेर पडायला जागाच मिळत नाही.

आता भुशाकडे वळू. सागाचा एक सेंटिमीटरचा ठोकळा घ्या, साखरेच्या चौकोनी खड्याएवढा. त्याच्या सहा बाजू मिळून हवेला लागतात 6 चौरस सेंटिमीटर. त्याचे दशांश मिलिमीटरचे कण करा. होतील 10 लाख, आणि त्यांची मिळून बाजू भरेल 600 चौरस सेंटिमीटर, जवळजवळ ए-फोर कागदाएवढी. लाकूड तेवढंच, पण ऑक्सिजनला भिडायची जागा शंभरपट! जो ठोकळा काडीनं पेटता पेटत नाही, त्याचाच भुसा एका ठिणगीला तयार बसलेला असतो.

त्याला किती तापवावं लागतं? अडीचशे-तीनशे अंश सेल्सियसला लाकडाचा भुसा करपू, धुमसू लागतो. आणि कॉइल लाल केव्हा दिसते? 1847 मध्ये अमेरिकेत जॉन विल्यम ड्रेपरनं बंदुकीच्या नळीत निरनिराळे पदार्थ ठेवून ती तापवली आणि अंधारात आत डोकावून पाहिलं. धातू असो की दगड, जवळजवळ सगळेच एकाच तापमानाला अंधुक तांबडे दिसू लागले, सुमारे 525 अंशांना. कुंभाराच्या आव्यातलं मडकं आणि लोहाराच्या भात्यापुढचा फाळ, दोघांचा पहिला तांबूसपणा एकाच आकड्यावर उमटतो, हे मला आजही नवलाचं वाटतं. पण त्या आकड्याची दुसरी बाजू पाहा. तीनशेपासून सव्वापाचशेपर्यंत कॉइल आपल्याला काळीच दिसते. डोळा म्हणतो विझली, आणि भुशासाठी ती पेटलेली असते.

त्यातून पंख्याचा हीटर म्हणजे मागून हवा ओढणारा आणि तापल्या तारेवरून ती पुढे फेकणारा. करवत चालू असताना हवेत काय तरंगत असतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. जाळी भुशानं बुजली की हवा कमी पडते आणि जी कॉइल हवेच्या झोतानं आवाक्यात राहायची, ती तापत सुटते. तेव्हा आत एक छोटी पट्टी वाकते आणि वीज तोडते. दोन धातू पाठीला पाठ लावून चिकटवलेले. उष्णतेनं एक जास्त फुगतो, एक कमी, म्हणून पट्टी वाकते. ही युक्ती अठराव्या शतकात जॉन हॅरिसननं आपल्या सागरी घड्याळासाठी शोधली. हा हॅरिसन मूळचा कोण? सुतार! सुताराच्या शेडमधला हीटर आजही एका सुतारानं राखला आहे. पण ती पट्टी आतली हवा जाणते, जाळीवर धुमसणारा भुसा तिला कळत नाही. भुशाचा थर स्वतःच गोधडीसारखा ऊब धरून ठेवतो, तासन्‌तास आतल्या आत जळतो आणि शेडला कुलूप लागल्यावर भडकू शकतो.

थिनरचं एकच सांगतो. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता फरशीवरून सरपटते आणि हीटर बहुतेकदा फरशीवरच असतो. पॉलिशचा डबा उघडायच्या आधीच हीटर बंद हवा, आणि त्या दिवशी पुन्हा लावायचा नाही.

शेडमध्ये मी आता तेलाचा रेडिएटर वापरतो. त्याची उघडी कॉइल नाही, पंखा नाही, पत्रा कॉइलच्या मानानं खूपच कमी तापतो. तो भुशाच्या टेबलापासून चांगला लांब, स्वच्छ कोपऱ्यात उभा असतो. काम संपायच्या अर्धा तास आधी बंद करतो आणि झाडलोट झाल्यावरच कुलूप लावतो. पण करंट तोही तेवढाच ओढतो, त्यामुळे प्लगची गोष्ट सुटलेली नाही.

तुमच्याकडे आज हीटर लागला, तर वीस मिनिटांनी प्लगवर तळवा ठेवून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर मेन बंद करा आणि सॉकेट व प्लग दोन्ही बदलायला वायरमनला आजच बोलवा.