बुकर वॉशिंग्टन : उघड तडजोड, छुपा लढा

१८५६ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील एका मळ्यावर गुलाम म्हणून जन्मलेले आणि मुक्तीनंतर कोवळ्या वयात मिठाच्या भट्टीवर व कोळशाच्या खाणीत राबलेले बुकर टी. वॉशिंग्टन १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथील नव्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख झाले, तेव्हा संस्थेला स्वतःची इमारतही नव्हती. विद्यार्थ्यांनी विटा पाडल्या, त्याच विटांनी वर्ग उभारले, आणि हातांना कसब आले की प्रतिष्ठा आपोआप येईल हा वॉशिंग्टन यांचा विश्वास तेथे पक्का झाला.

१८ सप्टेंबर १८९५ रोजी अटलांटा येथील प्रदर्शनात केलेल्या भाषणात त्यांनी हाच विश्वास राजकारणात आणला. सामाजिक व्यवहारात गोरे आणि कृष्णवर्णीय हे दोन्ही वंश बोटांसारखे वेगळे राहोत, परस्परांच्या प्रगतीसाठी मात्र हातासारखे एक होवोत, असे त्यांनी सांगितले. पुढे ‘अटलांटा तडजोड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या भूमिकेचा व्यावहारिक अर्थ असा होता की, रोजगार आणि शिक्षणाच्या बदल्यात समान हक्कांची मागणी तूर्त मागे ठेवली जाईल. गोऱ्या श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, परंतु पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करून वंशभेदाला कायद्याचा आधार दिला, आणि अलाबामाच्या १९०१ च्या राज्यघटनेने तेथील बहुतेक कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात संपवला.

कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी आरंभी अटलांटाच्या भाषणाचे अभिनंदन केले होते; १९०३ मध्ये मात्र मताधिकार, नागरी समता आणि उच्च शिक्षण यांवर पाणी सोडणारे नेतृत्व म्हणून त्यांनी वॉशिंग्टन यांच्यावर कठोर टीका केली.

त्याच वर्षी निकाल लागलेल्या ‘जाइल्स विरुद्ध हॅरिस’ या अलाबामातील मताधिकाराच्या खटल्याला वॉशिंग्टन गुप्तपणे पैसा पुरवत होते, हे टीकाकारांना ठाऊक नव्हते. त्या खटल्यात हार झाली, परंतु कर्जाच्या नावाखाली मजुरांना बांधून ठेवणाऱ्या कायद्याविरुद्धच्या १९११ च्या यशस्वी खटल्यामागेही त्यांची मदत होती. लुई हार्लन या चरित्रकाराने त्यांच्या पत्रव्यवहाराचे १४ खंड संपादित केले, तेव्हा हा छुपा लढा जगासमोर सविस्तर आला.

याच कागदांत दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. देणगीदार, सरकारी नेमणुका आणि कृष्णवर्णीय वृत्तपत्रे यांवर वॉशिंग्टन यांची एवढी पकड होती की तिला ‘टस्कीगी यंत्रणा’ म्हटले जाई, आणि विरोधकांच्या सभांत हेर पेरण्यापर्यंत त्यांची मजल गेली. भीतीपोटी बाळगलेले मौन समजून घेता येते, कारण दक्षिणेत तेव्हा झुंडीच्या हातून होणाऱ्या हत्या नित्याच्या होत्या. मात्र तुलनेने सुरक्षित असलेल्या उत्तरेतून जे निर्भयपणे बोलत होते, त्यांचाही आवाज दाबण्याचे समर्थन त्या भीतीने होत नाही.

शाळांचे श्रेय मात्र निर्विवाद आहे. शिकागोचे उद्योगपती ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्यासह त्यांनी सुरू केलेल्या योजनेतून १९३२ पर्यंत दक्षिणेत सुमारे ५,००० ग्रामीण शाळा उभ्या राहिल्या, ज्यांसाठी गरीब कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी जमीन, पैसा आणि श्रम दिले. १४ नोव्हेंबर १९१५ रोजी वॉशिंग्टन यांचे निधन झाले, त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आजोबांच्या मताधिकारावर नातवाचा मताधिकार ठरवणारी ओक्लाहोमातील तरतूद रद्द केली, आणि त्या खटल्यात ड्यू बॉइस यांचा सहभाग असलेल्या नागरी हक्क संघटनेने आपली बाजू न्यायालयापुढे उघडपणे, स्वतःच्या नावाने मांडली होती.