निवती-भोगवे : दोन किनाऱ्यांमधले भूशिर

कर्ली नदी अरबी समुद्राला मिळते तिथे दोन काठांवर दोन वेगळी जगे नांदतात. उत्तरेच्या काठावर मालवण तालुक्यातले देवबाग. तिथे सुट्टीच्या दिवसांत वाळूवर पाय ठेवायला जागा नसते, स्पीडबोटी घरघरत असतात आणि पॅराशूटला लोंबकळलेले पर्यटक आभाळात दिसतात. दक्षिणेच्या काठावर वेंगुर्ला तालुक्यातले भोगवे. तिथून पांढऱ्या वाळूची पुळण थेट निवतीच्या डोंगरापर्यंत पसरलेली आहे. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी सकाळी तिथे माणसांपेक्षा खेकड्यांचीच पावले जास्त उमटलेली असतात. दोन्ही गावांमध्ये एका नदीच्या मुखाएवढे पाणी आहे. रस्त्याने यायचे तर मात्र मोठा वळसा पडतो. भोगवे आणि निवतीचा शांतपणा बराचसा या वळशामुळे टिकला आहे.

इथे यायचे सोयीचे स्थानक म्हणजे कोकण रेल्वेवरचे कुडाळ. मुंबई-गोवा महामार्गही कुडाळवरूनच जातो. तिथून वालावल, परुळेमार्गे भोगव्याला जाणारा रस्ता सुमारे तीस-पस्तीस किलोमीटरचा आहे. माडांच्या बागा, काजूची लागवड आणि जांभ्या दगडाचे उघडे सडे ओलांडत तो जातो. वालावलला लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आणि त्याला लागून तळे आहे. परुळ्यात आदिनारायणाचे, म्हणजे सूर्याचे मंदिर आहे. महाराष्ट्रात सूर्यमंदिरे मोजकीच असल्याने तिथे घटकाभर थांबायला हवे. परुळ्याजवळच्या चिपी माळावर ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला. इथली विमानसेवा अधूनमधून खंडित होत आली आहे, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच बेत आखलेला बरा.

जागेची खरी ओळख होते ती निवतीच्या किल्ल्यावर चढल्यावर. किल्ला समुद्रात घुसलेल्या भूशिरावर उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन किनारे आहेत. उत्तरेला भोगव्याची लांबलचक पुळण, तिच्या टोकाला कर्लीचे मुख आणि हवा स्वच्छ असली तर पलीकडचा देवबाग-तारकर्लीचा पट्टा दिसतो. दक्षिणेला डोंगराच्या आडोशाला निवतीचे छोटे बंदर, त्यात नांगरलेल्या होड्या आणि मागे माडात लपलेली मच्छीमारांची वस्ती. एकाच जागी उभे राहून मान वळवली, की मोकळा समुद्र आणि बंदिस्त उपसागर असे दोन्ही पाहता येतात. इथला खडकही निराळा आहे. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याचा काळा बेसाल्ट दक्षिणेकडे येता येता संपतो आणि सिंधुदुर्गाच्या या भागात त्याहून कितीतरी प्राचीन खडक उघडे पडतात. त्यांतल्या गारेच्या कणांमुळे वाळू फिकट आणि चमकदार दिसते. भूशिराच्या पायथ्याशी पाण्यात उभे असलेले पिवळसर कातळ संध्याकाळच्या उन्हात सोनेरी होतात, तेव्हा छायाचित्रकारांची पावले हमखास तिकडे वळतात.

किल्ला आज पडझडीला आला आहे. जांभ्या दगडाचे बुरूज, तटाचे काही भाग आणि खोल खंदक एवढेच ठळकपणे दिसते. बाकी झाडोऱ्याने गिळले आहे. परंपरेने या किल्ल्याची उभारणी शिवाजी महाराजांच्या नावे सांगितली जाते. मालवणच्या सिंधुदुर्गापासून दक्षिणेकडे जाणाऱ्या जलमार्गावर आणि कर्लीच्या मुखावर नजर ठेवायला याहून चांगली जागा नव्हती, हे वर उभे राहिले की पटते. पुढे तो सावंतवाडीच्या सावंतांकडे होता. १७४८ मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस द आलोर्ना याने सावंतांविरुद्धच्या मोहिमेत रेडी आणि निवती हे दोन्ही किल्ले घेतले. नंतर ते पुन्हा सावंतांकडे आले आणि १८१९ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले. एवढ्याशा किल्ल्यासाठी इतक्या सत्ता झगडल्या, याचे कारण भूगोलात आहे. मोकळ्या किनाऱ्यावर गलबतांना वाऱ्यापासून आसरा देणारी जागा ज्याच्या हाती, त्याचा आजूबाजूच्या व्यापारावर वचक असे.

तो आसरा आजही वापरात आहे. निवती हे मच्छीमारांचे गाव आहे आणि इथला दिवस समुद्राच्या वेळापत्रकाने चालतो. पहाटे होड्या परतल्या की बंदरावर बांगडा, पेडवे, सुरमई, मोरी यांचे वाटे पडतात, भाव ठरतात आणि टोपल्या बाजाराकडे निघतात. या पट्ट्यात रापणीची जुनी पद्धतही टिकून आहे. होडी किनाऱ्यावरून निघते, अर्धवर्तुळात जाळे सोडत जाते आणि पुन्हा किनाऱ्याला लागते. मग जाळ्याचे दोन्ही दोर दोन तुकड्या खेचू लागतात. हे काम तासन् तास चालते. शेवटी जाळ्याचा घेर लहान होत वाळूवर येतो आणि त्यात चांदीसारखी तडफडणारी मासळी असते. मिळकतीचे वाटे माणसांत आणि जाळ्यांच्या मालकांत ठरल्या रीतीने होतात. दोराला हात लावणाऱ्या पाहुण्याच्या हातावर चार मासे ठेवण्याची रीतही इथल्या किनाऱ्यांवर आहे.

रापण टिकली असली तरी सुखात नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांनी केली जाणारी मासेमारी थवेच्या थवे खोल पाण्यातच उचलते, किनाऱ्यापर्यंत मासळी येतच नाही, ही सिंधुदुर्गातल्या पारंपरिक मच्छीमारांची कित्येक वर्षांची तक्रार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, पण अंमलबजावणीवरून संघर्ष सुरूच राहिला.

निवतीच्या समोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका दिसतो. नकाशांत त्याचे नाव ‘वेंगुर्ला रॉक्स’ किंवा ‘बर्न्ट आयलंड्स’. स्थानिक लोक सहज ‘निवती रॉक’ म्हणतात. तिथल्या दीपगृहाचा दिवा रात्री किनाऱ्यावरून दिसतो. पक्षीअभ्यासकांना ही बेटे माहीत आहेत ती भारतीय पाकोळीमुळे. हा चिमुकला पक्षी बेटांवरच्या अंधाऱ्या गुहांत आपल्या लाळेपासून घरटे बांधतो. पूर्व आशियात या घरट्यांचे सूप फार महागड्या दराने विकले जाते आणि त्याच कारणाने इथली घरटी चोरली जात. पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी १९४०च्या सुमारास या बेटांवरच्या पाकोळ्या आणि सुरय पक्ष्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले होते. या शतकाच्या सुरुवातीला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने घरट्यांची तस्करी उजेडात आणली आणि संरक्षणासाठी पाठपुरावा केला. पिलांच्या हंगामात गुहांकडे न जाणे, हेच पर्यटकाने या पक्ष्यांसाठी करण्यासारखे सर्वात मोठे काम आहे.

बेटांच्या वाटेवर डॉल्फिन दिसतात. मच्छीमार त्यांना गादा म्हणतात. सकाळच्या शांत पाण्यात पाठीची वळणे वरखाली होताना दिसली, की होडीतली बोलणी थांबतात. निवती आणि भोगव्यातले अनेक मच्छीमार ही फेरी घडवून आणतात. इंजिन मंद ठेवून, कळपाचा पाठलाग न करता थांबणारा नावाडी निवडावा.

याच समुद्रतळाशी आता एक नवी गोष्ट आकार घेते आहे. १९८५ मध्ये नौदलात दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही सुमारे ८४ मीटर लांबीची युद्धनौका निवती रॉकजवळ बुडवून तिथे पाण्याखालचे संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती उभी करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. बुडालेल्या जहाजाच्या पोलादावर शेवाळ, शिंपले आणि प्रवाळ वाढतात, त्यांच्यामागोमाग मासे येतात, हे जगात अनेक ठिकाणी दिसले आहे. पाणबुडी पर्यटनातून गावात पैसाही येईल. पण हा प्रकल्प निवतीला गर्दीच्या नकाशावर नेणार हेही तितकेच खरे. पलीकडच्या काठावरचे देवबाग काय झाले, हे भोगव्याच्या वाळूवरून उघड्या डोळ्यांनी दिसते. जेट्टी, वाहनतळ, कचरा आणि सांडपाणी यांची व्यवस्था आधी आणि पर्यटकांचे लोंढे नंतर, असा क्रम लावण्याची संधी इथे अजून आहे. होड्या लावायची आणि रापण ओढायची जागा मच्छीमारांकडेच राहिली, तरच या उपसागराचा स्वभाव टिकेल.

राहण्यासाठी दोन्ही गावांत घरगुती निवास मिळतात. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, तांदळाचे घावणे, कुळथाची पिठी आणि सोलकढी हे इथले रोजचे जेवण. ते आदल्या दिवशी सांगून ठेवावे लागते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात चांगला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि पावसाळी समुद्रात होड्या पर्यटकांसाठीही सुटत नाहीत. कर्लीच्या मुखापाशी भरती-ओहोटीचा ओढा जोरकस असतो, तिथे पोहायला उतरू नये. अन्यत्रही आधी गावकऱ्यांना विचारावे. किल्ल्यावर जाताना पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे, रिकामी बाटली परत आणावी आणि दोन दिवसांची सवड काढून यावे. सकाळी बंदरावर मासळी उतरताना आणि संध्याकाळी भोगव्याच्या पुळणीवरून चालताना, अशा दोन्ही वेळा पाहिल्याशिवाय निवती पुरती कळत नाही.