रुग्णशिक्षण, परिचर्येतील

रोगाचे स्वरूप, त्याला पोषक ठरणाऱ्या सवयी आणि औषधांचे इष्ट व अनिष्ट परिणाम यांची समज देऊन रुग्णाला स्वतःची काळजी घेण्यास समर्थ करणे, याला रुग्णशिक्षण म्हणतात. औषधयोजना वैद्य करीत असला, तरी रुग्णाचा अधिक सहवास परिचारिकेला लाभत असल्याने हे कार्य मुख्यत्वे तिच्याकडे येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे ‘नोट्स ऑन नर्सिंग’ (१८५९) हे पुस्तकही व्यावसायिक परिचारिकांपेक्षा घरी शुश्रूषा करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठीच लिहिलेले होते.

या शिक्षणाचे महत्त्व क्षयरोगाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. घरी राहून घेतलेले औषधोपचार आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरू शकतात, असे मद्रास (आताचे चेन्नई) येथे झालेल्या व १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसून आले. त्यामुळे उपचारांचे स्थान घर बनले आणि नियमितपणाची जबाबदारी रुग्ण व कुटुंबीय यांच्यावर आली. नेहमीचे उपचार सहा महिने चालतात. परंतु काही आठवड्यांतच खोकला व ताप कमी होतो आणि बरे वाटू लागल्याने औषध सोडण्याचा मोह होतो. अर्धवट उपचारांमुळे रोग उलटतो व जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

औषधांचे परिणाम : निरुपद्रवी परिणाम व धोक्याची लक्षणे यांतील भेद रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक असते. रिफँपिसिनामुळे लघवी, घाम व अश्रू नारिंगी होतात. हे अपायकारक नसते. मात्र पूर्वकल्पना नसल्यास लघवीतून रक्त जाते असे समजून रुग्ण औषध बंद करतो. आयसोनियाझिडामुळे हातापायांना मुंग्या येत असल्यास त्याची वेळीच माहिती द्यावी. त्यावर पिरिडॉक्सीन (ब६ जीवनसत्त्व) देतात. याउलट डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे व अन्नावरची वासना जाणे ही यकृतविकाराची लक्षणे असू शकतात. एथँब्युटॉल घेत असता दृष्टी अंधुक होणे किंवा लाल-हिरवा रंग न ओळखणे हेही गंभीर मानतात. अशा वेळी पुढील मात्रा घेण्यापूर्वीच रुग्णालय गाठावे लागते.

सवयी : मद्यपानाने यकृतावरील औषधांचा ताण वाढतो, तर विडी-सिगारेटने फुप्फुसांची हानी वाढते. उच्च रक्तदाबात मीठ कमी करण्याचा सल्ला देताना लोणचे, पापड व खारे शेंगदाणे यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढाच्या आहारात रोजचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. तंबाखूविषयी विचारताना मिसरीचाही उल्लेख करावा. कारण अनेक स्त्रिया तिला व्यसन न मानता दात घासण्याचे साधन समजतात.

पद्धती : एका वेळी दोन-तीनच मुद्दे रुग्णाच्या बोलीत सांगतात. ‘समजले का?’ या प्रश्नाला बहुधा होकारच मिळतो. म्हणून औषध केव्हा घेणार व कोणते लक्षण दिसल्यास परत येणार, हे रुग्णाकडूनच वदवून घेतात. त्याचे उत्तर चुकल्यास तो दोष सांगण्याच्या रीतीचा मानून परिचारिका तोच मुद्दा निराळ्या शब्दांत पुन्हा मांडते. औषध चुकल्याची कबुली देणाऱ्या रुग्णाला न रागावणे हेही महत्त्वाचे असते; कारण धाकामुळे तो पुढच्या वेळी खरे सांगत नाही आणि गंभीर लक्षणही लपून राहते.