चपाती, धाव आणि केसपेपर

“पळण्याची कसली आलीय अ‍ॅलर्जी? आणि चपाती तर पोरगं दात आल्यापासून खातंय!” व्यायामाने उद्भवणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीचा, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसचा विषय काढला की पहिलं वाक्य हमखास हेच येतं. घरच्यांकडून आलं तर समजू शकतो. दवाखान्यातही हेच ऐकावं लागतं तेव्हा मात्र राग येतो. कारण मग केसपेपरवर ‘चक्कर, अशक्तपणा’ एवढंच लिहिलं जातं, सलाईन लागतं आणि पोरगं चार दिवसांनी पुन्हा रस्त्यावर पळायला लागतं.

बीड जिल्ह्यातल्या कडा, आष्टी या पट्ट्यात भरतीची तयारी करणारी पोरंपोरी थोडी नाहीत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं. उपाशीपोटी दम लागतो म्हणून कुणी रात्रीची चपाती, कुणी बिस्किटं, कुणी पाव खाऊन निघतं. आदल्या दिवशीच्या सरावाने पाय धरले असतील तर दुखण्याची गोळीही पोटात गेलेली असते. या आजाराला लागणारं सगळं साहित्य इथे एकत्र आलेलं आहे, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

गव्हात ओमेगा-५ ग्लायडिन नावाचं प्रथिन असतं. काही मोजक्या लोकांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध आयजीई प्रतिपिंडं तयार झालेली असतात. अशा माणसाने चपाती खाऊन आराम केला तर सहसा काही होत नाही. उपाशीपोटी पळाला तरी काही होत नाही. खाल्ल्यावर दोन-चार तासांच्या आत पळाला की मात्र तळहात-तळपाय खाजतात, अंगभर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, पोटात कळ येते आणि तो कोसळतो. व्यायामामुळे आतड्यातून हे प्रथिन जास्त प्रमाणात रक्तात शिरतं, हे त्याचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या, दारू, अंगातला ताप, मुलींमध्ये पाळीचे दिवस, यांतलं काही जोडीला असलं तर थोडा गहू आणि थोडी धावही पुरते. म्हणूनच तीच चपाती आणि तोच रस्ता महिनाभर चालतो आणि एका सकाळी घात होतो. “कालपर्यंत चालत होतं” म्हणून हा आजार नाही असं ठरवताच येत नाही. तो असाच वागतो. गव्हाशिवाय कोळंबी-खेकडे, सुकामेवा यांनीही हे होऊ शकतं. काहींना अन्नाचा संबंध नसताना नुसत्या व्यायामाने होतं.

हे कालपरवाचं खूळ असल्याचा संशय असेल त्यांच्यासाठी: कवचधारी जलचर खाऊन धावल्यावर कोसळणाऱ्या धावपटूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात १९७९ मध्ये आली. १९८० मध्ये शेफर आणि ऑस्टिन यांनी व्यायामजन्य अ‍ॅनाफिलॅक्सिसच्या १६ रुग्णांचं वर्णन छापलं. आजार दुर्मीळ आहे, हे मान्य. पण विचारलंच नाही तर तो आहे त्याहूनही दुर्मीळ दिसतो.

आता केसपेपर. या निदानाचा गाभा वेळांमध्ये आहे, आणि त्या वेळा पहिल्या तासात लिहिल्या नाहीत तर पुढे कुणालाच धड आठवत नाहीत. नोंद साधारण अशी हवी: ‘सकाळी ५.३० ला दोन चपात्या. रात्री डायक्लोफिनॅकची गोळी. ६.१५ ला धावायला सुरुवात. ६.३५ ला तळहात खाजले, अंगावर गांधी, धाप. ६.४५ ला कोसळला. ७.०५ ला दवाखान्यात. बीपी ७०/४०. ७.०७ ला अ‍ॅड्रेनालिन मांडीत.’ लिहायला दोन मिनिटं लागतात. एवढं असेल तर पुढचा तज्ज्ञ अर्धी लढाई जिंकतो.

“कोडिंग म्हणजे विम्याच्या टेबलावरची कारकुनी” हा दुसरा गैरसमज. कोड देणारा माणूस डॉक्टरने लिहिलेलंच कोडात बसवतो, स्वतःचं निदान घालत नाही. ‘चक्कर’ लिहिलं तर आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत ते आर विभागातल्या लक्षणांत जातं, ‘अंगावर पित्त’ लिहिलं तर एल ५० मध्ये. अ‍ॅनाफिलॅक्सिस लिहिलं तर टी ७८.२, आणि अन्नाचा संबंध स्पष्ट लिहिला तर टी ७८.०. व्यायामजन्य प्रकाराला त्यात वेगळं घरच नव्हतं. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये ते मिळालं: ४ए८४.३०. पण केसपेपरवर धावण्याचा उल्लेखच नसेल तर ते घर रिकामंच राहणार.

मृत्यूच्या दाखल्यावर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडली’ लिहिणं हे तर सर्वांत वाईट. ते मृत्यूचं कारण नाही. मरण कसं आलं ते लिहू नका, कशामुळे आलं ते लिहा, असं त्या फॉर्मवरच सांगितलेलं असतं. ब्राझीलमधल्या नोंदी तपासून लुसियाना तान्नो आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की कोडांच्या जुन्या रचनेमुळे अ‍ॅनाफिलॅक्सिसचे मृत्यू मोजणीतून निसटत होते. तिथे कोडच अपुरे होते. आपल्याकडे २०२० मध्ये नोंदवलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांनाच वैद्यकीय कारण जोडलेलं होतं.

बाकीचे गैरसमज झटपट. “अ‍ॅव्हिल-डेक्सा दिलं की झालं” – नाही. पहिलं औषध अ‍ॅड्रेनालिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, आणि ती अँप्यूल स्वस्त असते. “अंगावर काही उठलं नाही, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही” – दहातल्या एकदोघांना त्वचेवर काहीच दिसत नाही. “बीपी पडलं नाही, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस नाही” – गांधी आणि धाप एकत्र आली तरी निदान पुरेसं आहे. “बरं वाटलं, आता घरी” – काही तासांनी दुसरा झटका येऊ शकतो, देखरेखीखाली थांबा. “उठवून चालवा, वारं घाला” – आडवं ठेवा, पाय उंच करा. एकदम उभं केल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. दम लागत असेल तर बसू द्या. “आता भरतीचं स्वप्न सोडा” – बहुतेकांना खाणं आणि धावणं यांत चार-सहा तासांचं अंतर, गोळ्यांबाबत सावधगिरी आणि कधीही एकट्याने न पळणं एवढं सांभाळून सराव करता येतो. पण ते तज्ज्ञाने तपासून ठरवायचं.

ट्रिप्टेजची, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणाऱ्या घटकाची, रक्ततपासणी करायची तर झटक्यानंतर एक-दोन तासांत, उशिरात उशिरा चार तासांत नमुना घ्यावा लागतो. ती नॉर्मल आली तरी निदान रद्द होत नाही. आणि नगरला किंवा पुण्याला तज्ज्ञाकडे निघण्याआधी पहिल्या दवाखान्यातून कागद मागून घ्या. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या, असा डॉक्टरांसाठीचा २००२ चा नियम आहे. नाही म्हटलं तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.